सूनबाई, चिमी आणि वाटेतलं गोडधोड

फौजेत असताना मी तेजपूरपासून जैसलमेरपर्यंत देश पालथा घातला, पण त्यावर चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. सुभेदार म्हणून निवृत्त झालो, पलूसजवळच्या गावी उसात लक्ष घातलं, आणि मग प्रवास म्हणजे साखर कारखान्यापर्यंत जाऊन येणं एवढंच उरलं. आता मात्र वाईहून घरी येण्याच्या दोन दिवसांबद्दल लिहायला बसलोय. तुम्ही म्हणाल, वाई ते पलूस ही काय लिहायची वाट आहे? सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी असतो. खरं आहे. पण तीन महिन्यांची नात, अबोल झालेली सून आणि डोक्यात एक खूळ घेऊन निघालेला सासरा अशी वरात तुम्ही कधी नेली नसेल, म्हणून सांगतो.

वाई

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि मग सासरचं माणूस जाऊन मायलेकरांना घरी घेऊन येतं. हे काम बाईमाणसाचं. पण आमची मंडळी अंगणात घसरली आणि पायाला प्लास्टर घालून बसली. मुलगा विकास माझ्यासारखाच फौजेत, तिकडं वर बर्फात. राहिलो मी. गाडी पुसून घेतली, मागच्या सीटवर गोधडी अंथरली आणि एकटाच वाईला थडकलो.

विहीणबाईंनी आदरसत्कारात काही कमी ठेवलं नाही. पण जेवण झाल्यावर त्यांनी मला ओसरीवर गाठलं.

"सुभेदारसाहेब, स्पष्टच सांगते," त्या म्हणाल्या. "अश्विनीचं जेवण तुटलंय. बाळाचं सगळं करते, पण स्वतःहून आमच्याशी काही बोलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला जरा घराबाहेर काढा, मोकळी होऊ द्या, मग बघू. तुमच्याकडं नेताय, न्या. पण पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर मी तिला परत घेऊन येणार. मग तुम्ही रागावलात तरी चालेल."

सून घरात आली तेव्हापासून आमच्या ओसाड घरात जरा आवाज आला होता. स्वयंपाकघरात रेडिओ लागायचा, मंडळीशी हसणं-खिदळणं चालायचं. ती पोर सासरी येऊन सुकली आणि आईनं परत नेली, हे मला झेपणारं नव्हतं. नवरा बर्फात बसलाय, त्याला मी काय तोंड दाखवणार?

"ताई," मी म्हणालो, "घरी पोचायच्या आत पोरगी जेवायला लागंल. सुभेदाराचा शब्द हाय."

शब्द देऊन बसलो आणि मग डोकं चालवायला लागलो. गौरीच्या सणाला या पोरीनं दोन वाट्या बासुंदी खाल्ल्याचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे गोडाची आवड आहे. ठरलं तर मग! साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जिथं जिथं चांगलं गोड मिळतं तिथं तिथं गाडी थांबवायची. पलूसला जायला सांगलीची वाट वाकडी पडते, पडू दे. विहीणबाईंना बेत सांगितला. त्या "बरं" म्हणाल्या.

निघताना अश्विनीनं गाडी घाटावर थांबवायला लावली. थंडीचे दिवस, कृष्णेवर पातळ धुकं होतं, पायऱ्यांवर बायका कपडे आपटत होत्या. नातीला, चिमीला, टोपड्यात गुंडाळून ती सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत गेली, नदी दाखवली, आणि परत येऊन गाडीत बसली. मी विचारलं, "पोरी, बरं वाटतंय न्हवं?" ती म्हणाली, "हो आबा." पुढच्या दीड दिवसात हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले की चिमीसुद्धा तेच बोलायला शिकेल असं वाटलं.

सातारा

साताऱ्याचे कंदी पेढे तुम्ही डब्यातून खाल्ले असतील. कढईजवळ उभं राहून खाणं वेगळं. मला माहीत असलेल्या एका जुन्या दुकानाच्या मागं भट्टी आहे. तिथं खवा तांबूस होईपर्यंत भाजतात, आणि तो वास रस्त्यावर येतो तेव्हा चालता माणूस थबकतो. भट्टीवरचा माणूस हातानं पेढा वळून पानावर ठेवत होता.

"आवं, दमानं," तो मला म्हणाला. "तोंड भाजंल. आनि ताई, तुमी बाळाला घिऊन तिकडं सावलीला बसा, हितं धग लागती."

अश्विनी बाकावर बसली. एका हातात चिमी, दुसऱ्या हातात पेढा. मी समोर उभा. तिनं एक खाल्ला. मी दुसरा पुढं केला. "आनि एक खानार न्हवं? आईला दूध येतं." तिनं घेतला. तिसराही घेतला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिथूनच मंडळीला फोन लावला.

"पेढं खातीया," मी म्हणालो.

"लय देऊ नगा. आनि गार काय दिलंसा तर बघा. पोरीला सर्दी हुईल."

"गरम हाय पेढा. कढईतला."

"मग पानी गार देऊ नगा."

मंडळी घरी प्लास्टरमध्ये होती, पण तिचं राज्य पार साताऱ्यापर्यंत होतं.

संध्याकाळी पोवई नाक्याच्या पलीकडं एक नवं कॅफे दिसलं. काचेच्या कपाटात केकचे तुकडे मांडलेले, आणि पाटीवर चक्क 'कंदी पेढ्याचा चीजकेक'. माझी मान ताठ झाली. साताऱ्यानं साहेबाच्या केकात पेढा घुसवला तर! आम्ही आत शिरलो. फेटा बांधलेला म्हातारा बघून दोन-चार पोरं-पोरी फोनमधून वर बघायला लागली. कॅफे चालवणारी मुलगी आमच्याच भागातली निघाली, बेकिंगचं शिकून आलेली. सगळं स्वतः करते म्हणाली, पेढेसुद्धा स्वतः भाजते.

अश्विनी कपाटासमोर उभी राहून पाट्या वाचत होती. चांगला वेळ वाचत होती. मी म्हटलं, पोर लाजतीया. म्हणून मी मागूनच हुकूम सोडला, "तीन पेढ्याचं केक द्या!"

"तीन कशाला, आबा?" ती म्हणाली.

"दोन तुला."

"हो आबा."

प्लेटा आल्या आणि त्याच क्षणाला चिमीनं कार्यक्रम केला. तोही असा की झबलं, दुपटं, अश्विनीची ओढणी, काही सुटलं नाही. त्या चकचकीत जागेत बाळ कुठं बदलायचं? बाजूच्या टेबलावरच्या पोरी नाक मुरडायला लागल्या. फौजेत मी तोफखाना बघितला, पण असा गोंधळ कधी उडाला नव्हता. कॅफेवाली मात्र डगमगली नाही. "ताई, वर माझी खोली आहे, चला," म्हणाली आणि गरम पाण्याची बादलीसुद्धा तिनंच नेली. त्या खाली येईपर्यंत मी एकटा त्या तीन प्लेटांसमोर. खरं सांगतो, तो केक लय चांगला होता. थंड, पण वर भाजलेल्या खव्याचा खमंगपणा, आणि खाली बिस्किटाचा कुरकुरीत थर. माझा संपला. अश्विनी आली तेव्हा चिमी भुकेनं रडत होती, म्हणून ती परत वर गेली. मग दुसराही संपला. शेवटी तिनं उरलेला तुकडा उभ्या उभ्या खाल्ला, डाव्या हातानं, खांद्यावर पोर झुलवत. प्लेट स्वच्छ झाली. मी समाधानानं मिशीवर हात फिरवला.

रात्री मुक्काम आमच्या अक्काकडं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडं. तिथं आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. आमच्या घरीही तसंच चालतं आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी हात धुताना बघितलं, अश्विनीच्या ताटातली भाकरी वाळून गेली होती आणि ती चिमीला थोपटत बसली होती. मी अक्काला म्हटलं, तिला गरम वाढ. अक्का म्हणाली, "बाळंतिणीला शिरा केलाय की." अश्विनीनं शिरा खाल्ला. सगळा.

कराडच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. हायवेच्या दोन्ही बाजूंना ऊस तुऱ्यावर आलेला, ट्रॅक्टरच्या मागं लांबच लांब उसाच्या ट्रॉल्या. एका गुऱ्हाळापाशी मी गाडी वळवली. कढईत रस उकळत होता. काकवी काढून देणारा गडी ओळखीचा असल्यासारखा बोलायला लागला.

"फौजी का वो?"

"व्हय. तुमी?"

"धाकला भाऊ हाय फौजेत. बसा की. ताईला ताजा गूळ द्या रं!"

आपल्याकडं ही एक गोष्ट मला फार आवडते. कोण कुठला विचारायच्या आधी हातावर काहीतरी ठेवतात. दिल्लीकडं मी वर्षभर एका घराशेजारी राहिलो, पण तिथं असं कुणी बोलावलं नाही. गरम गूळ हातावर घेऊन फुंकर मारत खायची मजा काही और. अश्विनीनं गूळ खाल्ला. काकवी खाल्ली. मी म्हणालो, "घरची आठवन आली का न्हाई?" ती म्हणाली, "हो आबा."

तिथून निघून दहा-पंधरा मैल गेलो असू. मागून अगदी हळू आवाज आला, "आबा, गाडी थांबवता?"

थांबवली. ती चिमीला सीटवर ठेवून खाली उतरली आणि उसाच्या बांधावर ओकली. एकदा नाही, चांगली दोन-तीनदा. मी पाण्याची बाटली घेऊन उभा राहिलो. पाठीवर हात ठेवावा तर सून, ठेवू कसा? मागं गाडीत चिमीनं गळा काढला. तिला उचलावं तर तेही हाताला सवयीचं नव्हतं. आमच्यात बापमाणूस वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलत नसे, तशी रीतच होती, त्यामुळं तान्हं पोर धरायचं कसं हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना या वयातही येत नाही. मी दार उघडून नुसता "ए चिमे, ए चिमे" करत राहिलो.

अश्विनीनं चूळ भरली, डोळे पुसले, परत येऊन बसली. "गाडी लागली असेल," म्हणाली.

मंडळीला फोन केला. "लिंबू चोखायला द्या," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आवं, ती बरी हाय न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो, पण ते माझं मलाच पटत नव्हतं. दिलेला शब्द डोळ्यांपुढं येत होता. पोरगी खातेय, पोटात ठरत नाही. हे काहीतरी दुखणं आहे आणि मी तिला गावोगाव पेढे चारत फिरतोय, असं वाटायला लागलं. इस्लामपूर ओलांडेपर्यंत मी आरशातून मागं तिच्याकडंच बघत राहिलो.

सांगली

सांगलीत पोचल्यावर मात्र माझ्यातला सुभेदार परत जागा झाला. एवढ्या लांब आलोय तर बासुंदी खाल्ल्याशिवाय माघार नाही. तिथं एक खानावळ आहे, दुपारी लांबून लोक फक्त बासुंदीसाठी येतात. दूध मंद आचेवर तासन्‌तास आटवतात, वर जाड साय, आणि वेलदोडा अगदी नावाला. भिंतीकडच्या टेबलावर आम्हाला जागा मिळाली. जेवण झालं म्हणजे माझं झालं. अश्विनी मध्येच चिमीला पाजायला आतल्या खोलीत जाऊन आली, तोवर तिची भाजी थंड.

बासुंदी आली, मोठ्या वाटीत, काठोकाठ. अश्विनीनं चिमीला उजव्या हातावर घेतलं आणि डाव्या हातानं चमचा उचलला. एक घास, दोन घास. चिमी चुळबुळायला लागली. तिसरा घास. वाटी अर्ध्यावर आली होती तेवढ्यात मी वाढप्याला खूण केली. "बाईंना आणखी एक वाटी आना."

त्यानं आणली. तो ती टेबलावर ठेवणार एवढ्यात अश्विनीनं चमचा खाली ठेवला.

"आबा, नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"नको मला," ती म्हणाली. आवाज चांगला मोठा होता. "मला गोड आवडत नाही. लहानपणापासून आवडत नाही. पेढे नको, शिरा नको, गूळ नको. मला आता हे गिळवत नाही, आबा!"

वाढपी वाटी हातात धरून तसाच उभा. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मला घरात आजवर कुणी असं तोंडावर नको म्हटलं नव्हतं. मंडळी मागून म्हणते, विकास फोनवर गुळमुळीत म्हणतो. तोंडावर कुणी नाही. क्षणभर मिशी फुरफुरली, हे कबूल करतो. आणि मग तिचा चेहरा बघितला. घाबरली होती पोर. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि एका हातात लेकरू, दुसऱ्या हाताला बासुंदी लागलेली, म्हणून पुसताही येत नव्हतं.

"मग गौरीला दोन वाट्या खाल्ल्यास, ती?" मी विचारलं.

"आईंनी वाढली होती. सगळ्यांसमोर. वाढलेलं टाकायचं कसं?"

"आनि पेढं?"

"तुम्ही समोर उभे होतात."

"आगं, पन मी इचारत हुतो की दर येळंला!"

"तुम्ही 'खाणार ना' असं विचारत होतात, आबा. 'काय खाणार' असं नाही विचारलंत."

दोन दिवस मी तिला कसं सुधारतोय म्हणून मिशा पिळत होतो, आणि ती बिचारी सासऱ्याचा मान ठेवायला घास गिळत होती. प्लेट स्वच्छ बघून मी खूश! शरम वाटली, आणि त्याच वेळी, का कुणास ठाऊक, हसूही यायला लागलं. वाढप्याला म्हटलं, "ती वाटी हिकडं आना. मी खातो." मग तिच्याकडं वळलो.

"सांग पोरी. काय खानार?"

तिनं चिमीला खांद्यावर घेतलं. मला वाटलं आता 'तुम्ही म्हणाल ते' येणार. पण ती म्हणाली, "विश्रामबागेत एक दुकान आहे. कडू चॉकलेटचा टार्ट करतात, म्हणजे बिस्किटासारख्या पारीत भरलेलं चॉकलेट. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर सांगलीला आले होते तेव्हा खाल्ला होता. गोड नसतो तो."

"गोड नसलेलं गोड?"

"हो आबा," ती म्हणाली. पण या वेळचं 'हो आबा' वेगळं होतं.

गेलो. छोटंसं दुकान, नवरा-बायको मिळून चालवतात. नवरा आत टार्टची पारी लाटत होता, बायको पुढं. मी दारातच थांबलो आणि हुकूम सोडायला उघडलेलं तोंड मिटलं. अश्विनी कपाटापाशी गेली. तिनं चार प्रश्न विचारले, चॉकलेट किती कडू आहे, वरचे बेदाणे कशात भिजवलेत. बायको म्हणाली, लिंबाच्या रसात, आणि वरून मिठाचे खडे. अश्विनीनं एक टार्ट सांगितला, आणि एक बिनसाखरेची कॉफी. माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्हाला काय हवंय, आबा?"

"मला चहा. गोड."

टेबलावर प्लेट आली. चिमीनं बरोबर मोका साधून रडायला सुरुवात केली. अश्विनीनं सवयीनं चमचा डाव्या हातात घेतला.

मी हात पुढं केले. "आन तिला हिकडं."

"आबा, तुम्ही?"

"आन म्हनतोय न्हवं! मान कशी धरायची तेवढं सांग."

तिनं दाखवलं. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. तान्हं पोर हातात घेतलं की सगळ्या अंगाला घाम फुटतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. उठून दुकानात फेऱ्या मारायला लागलो. चिमीनं आधी माझ्या मिशीकडं बघितलं, मग फेट्याकडं, आणि रडायचं विसरली. रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे काचेतून बघून हसले. हसू देत.

आणि अश्विनी खात होती. बसून, टेबलाला कोपर टेकून, उजव्या हातानं. टार्टचा कुरकुरीत काठ मोडायची, चॉकलेटमध्ये बुडवायची, मग कॉफीचा घोट. घाई नाही. मध्येच डोळे मिटायची. तीन महिन्यांत ही पोर पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे ठेवून जेवत असावी. मी तिसऱ्या फेरीला जवळ आलो तर तिनं चमचा पुढं केला. "घ्या ना आबा, एक घास."

घेतला. अहो, काय सांगू! कडू, त्यात आंबट, त्यात खारट. तोंड असं वाकडं झालं की चिमी दचकली.

"हे तर कडू औषध हाय की गं!"

अश्विनी हसली. साधीसुधी नाही, खळखळून हसली, चॉकलेट लागलेल्या तोंडावर हात धरून. दुकानवालीही हसली. मी औषध गिळलं आणि त्यावर माझा गोड चहा प्यालो. दुसरा टार्ट तिनं स्वतः मागवला. मला विचारलंसुद्धा नाही.

ती दुसरा टार्ट खात होती तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. चिमी माझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून मी दारात जाऊन हळू आवाजात बोललो.

"सुभेदारसाहेब, काही खाल्लं का हो तिनं?"

"ताई, तिला गोड आवडत न्हाई हे तुमाला ठावं हुतं?"

त्या चाचरत म्हणाल्या, "हो... म्हणजे... तुम्ही एवढ्या हौसेनं बेत सांगत होतात. मुलाच्या वडलांना मी कसं सांगायचं?"

"तुमी न्हाई सांगितलंसा, पन तिनं सांगितलं. भर खानावळीत, चार मानसांम्होरं, मला 'नको' म्हनाली."

"अगं बाई! नको म्हणाली? तुम्हाला? अहो, माफ करा हो तिला, बाळंतपणात डोकं ठिकाणावर नसतं, मी समजावते..."

"आवं ताई, माफी कसली मागताय?" मी म्हणालो. "बरी झाली तुमची लेक."